खूण लावलेला विषाणू आणि आपल्या औषधांचे दावे

हिवाळा सुरू झाला की इंदापूर तालुक्यातील भिगवण, कुंभारगाव या उजनी जलाशयाच्या काठावरील गावांत पक्षीनिरीक्षकांची वर्दळ वाढते. रोहित पक्षी म्हणजेच फ्लेमिंगो, नाना जातींची बदके आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस हे या पाणथळाचे वैभव आहे. याच ऋतूत, आणि पुन्हा पावसाळ्यात, बारामती व इंदापूर परिसरातील चिकित्सालयांत ज्वर, अंगमर्द, प्रतिश्याय आणि शुष्क कास घेऊन येणाऱ्या रुग्णांची रांग लागते. ग्रंथोक्त वातश्लैष्मिक ज्वराशी ज्याची लक्षणे जुळतात, तो हा इन्फ्लुएन्झा. रुग्ण वैद्यांना आणि औषधविक्रेत्यांना हमखास एक प्रश्न विचारतो : ‘हे औषध व्हायरस मारते ना?’

या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे सोपे आहे आणि तसे म्हटल्याने औषध खपतेही. परंतु ‘विषाणू मारणे’ ही एक क्रिया नसून तिच्या पोटात किमान पाच-सहा निरनिराळ्या क्रिया दडलेल्या आहेत. विषाणू पेशीला चिकटतो, आत शिरतो, उकलतो, आपल्या प्रती काढतो आणि बाहेर पडतो. आपले द्रव्य यांपैकी कोणत्या पायरीवर काम करते, हे सांगता आले नाही तर आपला दावा अपुरा राहतो. या पायऱ्या शास्त्रज्ञांना एकमेकींपासून वेगळ्या करून कशा पाहता आल्या, त्यात किरणोत्सारी समस्थानिकांचा वाटा काय होता आणि त्यातून वैद्यवर्गाने व औषधनिर्मात्यांनी काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय आपल्या दारचा का?

इन्फ्लुएन्झा ‘ए’ विषाणूंचे मूळ आश्रयस्थान रानटी पाणपक्षी हे आहे. २००५ साली चीनमधील चिंगहाई सरोवरावर एच५एन१ विषाणूने हजारो रानपक्षी दगावले. त्यांत पट्टकादंब हंसांची संख्या मोठी होती. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू निष्पन्न झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तोच प्रसंग ओढवला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० साली एका रानटी पाणपक्ष्यात सापडलेल्या एच११एन१ विषाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या जनुकांत युरेशियन आणि अमेरिकन अशा दोन्ही वंशांची सरमिसळ होती. उजनीच्या काठी हंस आणि गावोगावी कुक्कुटपालनाच्या शेड असलेल्या आपल्या दोन तालुक्यांना हा विषय परका मानता येणार नाही.

माणसांतील साथीचा अनुभव तर पुणे जिल्ह्याने सर्वांआधी घेतला. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने एच१एन१ची जागतिक साथ जाहीर केली आणि ३ ऑगस्ट २००९ रोजी या साथीतील देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्या दिवसांत गुळवेल आणि तुळस यांना अचानक मागणी आली, कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या गळ्यात दिसू लागल्या. लोकांची श्रद्धा आपल्या शास्त्राकडे वळली ही आनंदाची गोष्ट. पण त्या श्रद्धेला उत्तरदायी राहण्याची जबाबदारीही आपल्यावर आली.

मागोवा घेण्याची कल्पना

एकाच मूलद्रव्याचे अणू वजनाने भिन्न असू शकतात. त्यांना समस्थानिके म्हणतात. त्यांपैकी काही अस्थिर असतात आणि किरण उत्सर्जित करीत विघटित होतात. रासायनिक वर्तनात मात्र ती आपल्या स्थिर भावंडांसारखीच असतात. फॉस्फरस-३२ आणि साधा फॉस्फरस यांत पेशी भेद करीत नाही; दोन्हींचा ती सारखाच स्वीकार करते. आपण मात्र गणकयंत्राने त्या किरणांचा वेध घेऊन तो अणू कोठे पोहोचला हे सांगू शकतो. गर्दीत एका माणसाच्या हाती कंदील द्यावा आणि अंधारात त्याचा मार्ग दुरून पाहावा, तसा हा प्रकार आहे. जॉर्ज हेवेशी यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत या पद्धतीचा पाया घातला आणि त्यासाठी त्यांना १९४३चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा खुणेच्या द्रव्याला प्रयोगशाळेत ‘ट्रेसर’ म्हणतात. आपण त्याला मागोवाद्रव्य म्हणू.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. सुमारे शंभर नॅनोमीटर व्यासाचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही. धुरावरून अग्नी ओळखावा तसे किरणांवरून त्याचे स्थान ओळखले जाते. हे शुद्ध अनुमान आहे, आणि अनुमानाचे सर्व नियम त्याला लागू आहेत. हेतू सदोष असेल तर निष्कर्षही सदोष ठरतो. याचे एक उत्तम उदाहरण पुढे येईलच.

महाराष्ट्राचा या तंत्राशी संबंध जुना आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि देशात समस्थानिके तयार करण्याचा मार्ग खुला झाला. पुढे वैद्यक, शेती आणि संशोधन यांना समस्थानिके पुरविण्यासाठी १९८९ साली विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाची, म्हणजेच ‘ब्रिट’ची स्थापना झाली.

विषाणूला खूण कशी लावतात?

विषाणू स्वतः काही खात नाही. म्हणून तो ज्या पेशीत किंवा कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यात वाढतो, त्या माध्यमात खुणेचे द्रव्य मिसळतात. तयार होणारे नवे विषाणू ते आपल्या अंगात घेऊनच जन्मतात. गंधक-३५ प्रथिनांत जाते, कारण काही अमिनो आम्लांत गंधक असते. फॉस्फरस-३२ न्यूक्लिक आम्लांत जाते. याच दोन खुणांच्या आधारे हर्शी आणि चेस यांनी १९५२ साली जिवाणूभक्षी विषाणूवर आपला प्रसिद्ध प्रयोग केला आणि जिवाणूत प्रामुख्याने डीएनए शिरतो, प्रथिनांचे कवच बहुतांशी बाहेर राहते, हे दाखविले.

तोच हेतू इन्फ्लुएन्झाला जसाच्या तसा लावला तर मात्र हेत्वाभास होतो. जिवाणूभक्षी विषाणूला स्निग्ध आवरण नव्हते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पटलाचे आवरण पांघरून निघतो, आणि त्या आवरणातील फॉस्फोलिपिड या स्निग्ध द्रव्यांतही फॉस्फरस असतो. म्हणजे फॉस्फरस-३२ ची खूण विषाणूच्या आरएनएवर आणि त्याच्या कांबळ्यावर, दोहोंवर बसते. पेशीत पोहोचलेली खूण आरएनएची की आवरणाची, हे केवळ किरणांवरून कळत नाही. त्यासाठी ट्रिटियम या हायड्रोजनच्या समस्थानिकाने चिन्हांकित केलेले युरिडिन वापरले जाऊ लागले. ते मुख्यतः आरएनएत जाते.

या समस्थानिकांचे अर्धायुकालही भिन्न आहेत : फॉस्फरस-३२ चा १४.३ दिवस, गंधक-३५ चा सुमारे ८७ दिवस, तर ट्रिटियमचा १२.३ वर्षे. प्रयोगाचा कालावधी, कचऱ्याची विल्हेवाट आणि काम करणाऱ्याची सुरक्षितता यावरून द्रव्याची निवड करावी लागते.

पायरी पायरीने प्रवेश

पहिली पायरी चिकटण्याची. १९४१ साली जॉर्ज हर्स्ट यांना दिसले की इन्फ्लुएन्झाच्या विषाणूमुळे कोंबडीच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. १९४२ मध्ये त्यांनी दाखविले की काही वेळाने विषाणू त्या पेशींपासून सुटतो आणि सुटल्यावर त्या पेशी त्याच विषाणूला पुन्हा प्रतिसाद देत नाहीत. विषाणू हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाने पेशीवरील सियालिक आम्लाला धरतो आणि न्यूरामिनिडेज या दुसऱ्या प्रथिनाने तेच आम्ल कापून मोकळा होतो, हा त्याचा अर्थ. १९८० नंतरच्या संशोधनातून असेही उमगले की पक्ष्यांचे विषाणू सियालिक आम्लाची एका प्रकारची जोडणी पसंत करतात, तर माणसांचे विषाणू दुसऱ्या प्रकारची. माणसाच्या नासामार्गात व वरच्या श्वसनमार्गात दुसरी जोडणी विपुल असते. उजनीवरील हंसाचा विषाणू कुंभारगावातील माणसाला सहजासहजी का लागत नाही, याचे एक महत्त्वाचे कारण येथे आहे.

दुसरी पायरी शिरण्याची. येथे मागोवाद्रव्याची खरी कसोटी लागली. पेशी सुमारे ४ अंश सेल्सियस तापमानात ठेवल्या तर विषाणू चिकटतो पण आत जाऊ शकत नाही. न चिकटलेला विषाणू धुऊन टाकायचा, पेशी ३७ अंशांवर आणायच्या आणि ठराविक मिनिटांनी बाहेरून न्यूरामिनिडेज घालून पृष्ठभागावरचा विषाणू सोडवायचा. त्यानंतरही पेशीसोबत राहिलेले किरण मोजले की किती विषाणू आत गेला, हे कळते. १९८१ साली मॅटलिन, रेजिओ, हेलेनियस आणि सायमन्स यांनी कुत्र्याच्या वृक्कापासून मिळविलेल्या पेशींवर इन्फ्लुएन्झाच्या प्रवेशमार्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषाणू पेशीपटलाला भोक पाडून घुसत नाही; पेशीच त्याला पटलाच्या खळग्यातून पिशवीत घेऊन गिळते आणि त्या पिशवीतील आम्लतेमुळे विषाणूचे आवरण पिशवीच्या पटलाशी एकरूप होते, असे चित्र त्यातून पुढे आले.

तिसरी पायरी उकलण्याची. १९५५ सालीच हॉईल आणि फ्रिश-निगेमायर यांनी फॉस्फरस-३२ ने चिन्हांकित केलेल्या विषाणूवरून, पेशीत शिरताना विषाणूकण अखंड राहत नाही, त्याचे विघटन होते, असे मांडले होते. आता आपल्याला ठाऊक आहे की त्याच्या आरएनएचे आठ तुकडे सुटून पेशीच्या केंद्रकात जातात.

चौथी पायरी प्रती काढण्याची, आणि येथे मागोवाद्रव्याने एक नाट्यमय चोरी उघडकीस आणली. पेशीच्या संदेशवाही आरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. तिच्याशिवाय प्रथिने बनविणारी यंत्रणा तो संदेश नीट वाचत नाही. इन्फ्लुएन्झाला स्वतःची टोपी तयार करता येत नाही. क्रुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ ते १९८१ या काळात दुसऱ्या संदेशांच्या टोपीवर किरणोत्सारी खूण ठेवली आणि तीच खूण पुढे विषाणूच्या संदेशाच्या टोकाला बसलेली त्यांना आढळली. विषाणू पेशीची टोपी पळवितो, हे सिद्ध झाले. २०१८ साली प्रथम जपानमध्ये संमत झालेले बॅलोक्सावीर हे औषध टोपी कापणाऱ्या याच विकरावर काम करते.

पाचवी पायरी सुटण्याची. नवे विषाणू पेशीपृष्ठावरील सियालिक आम्लात अडकू नयेत म्हणून न्यूरामिनिडेज त्यांना मोकळे करते. ओसेल्टामिवीर आणि झानामिवीर ही औषधे हीच पायरी रोखतात. ओसेल्टामिवीरच्या निर्मितीसाठी लागणारे शिकिमिक आम्ल दीर्घकाळ मसाल्यातील चक्रीफुलापासून, म्हणजे बादयानापासून मिळविले जात असे. मात्र शिकिमिक आम्लापासून औषधापर्यंत अनेक रासायनिक टप्पे आहेत. चक्रीफुलाचा काढा म्हणजे ओसेल्टामिवीर नव्हे, हे ग्राहकाला आवर्जून सांगावे.

रोगाच्या अवस्थेनुसार उपाय बदलतो, हे सुश्रुतोक्त षट्क्रियाकाल शिकलेल्या वैद्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. संचयापासून भेदापर्यंतच्या अवस्था आणि वरील पायऱ्या एकच आहेत असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. तशी ओढाताण दोन्ही शास्त्रांवर अन्याय करील. पण ‘कोणत्या अवस्थेत?’ हा प्रश्न आपल्या परंपरेला परका नाही, एवढे खचित.

आपली द्रव्ये या कसोटीवर

पायरीनिहाय विचार करणारे काही अभ्यास आपल्या परिचित द्रव्यांवर झालेले आहेत. २००९ साली वोल्कर्स्टॉर्फर व सहकाऱ्यांनी यष्टिमधूतील ग्लिसिऱ्हायझिन मानवी फुफ्फुसाच्या पेशींमध्ये विषाणूचा प्रवेश कमी करते, असे प्रसिद्ध केले. म्हणजे परिणाम दुसऱ्या पायरीवर. त्याच वर्षी हैदरी व सहकाऱ्यांनी डाळिंबातील प्युनिकॅलॅजिन तांबड्या पेशींच्या गुठळ्या होणे रोखते, विषाणूच्या आरएनएची वाढ थांबविते आणि प्रत्यक्ष विषाणूलाही निष्प्रभ करते, असे नोंदविले. २०१८ साली घोके व सहकाऱ्यांनी तुळस आणि बाभूळ यांच्या पानांचे अर्क एच९एन२ विषाणूविरुद्ध कोंबडीच्या अंड्यांत तपासले; तेही थेट विषाणूनाशक, चिकित्सात्मक आणि प्रतिबंधात्मक अशा तीन रीतींनी.

ही वृत्ते उत्साहवर्धक आहेत. इंदापूरच्या डाळिंब बागायतदारालाही ती ऐकून आनंद होईल. परंतु येथेच थांबून तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न : परिणाम विशिष्ट आहे काय? कषायरसप्रधान द्रव्यांतील टॅनिन कोणत्याही प्रथिनाला चिकटते. ते विषाणूला चिकटले तसे पेशीला आणि परीक्षानळीतील विकरालाही चिकटू शकते. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क आणि आम्लता असते. स्निग्ध आवरण असलेला विषाणू केवळ त्यांनीही निष्प्रभ होऊ शकतो. म्हणून अरिष्टाची परीक्षा करताना तेवढाच मद्यार्क व तेवढीच आम्लता असलेले, पण औषधी द्रव्ये नसलेले मिश्रण शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय श्रेय द्रव्याला देता येत नाही.

दुसरा प्रश्न : पेशी जिवंत होत्या काय? मेलेली पेशी विषाणू वाढू देत नाही, आणि अशा पेशीतून ‘विषाणू नाहीसा झाला’ असा आभास होतो. शिवाय मागोवाद्रव्य जिवंत व निर्जीव विषाणूकणांत भेद करीत नाही. ते सर्वांची गणती करते. म्हणूनच किरणांच्या मोजणीसोबत संसर्गक्षम विषाणूंची स्वतंत्र मोजणीही करावी लागते.

तिसरा, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत कळीचा प्रश्न : द्रव्य त्या पेशीपर्यंत पोहोचते काय? याचे उत्तरही मागोवाद्रव्यांनीच दिले आहे. १९८१ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील रवींद्रनाथ आणि चंद्रशेखर यांनी ट्रिटियमने चिन्हांकित केलेले कर्क्युमिन उंदरांना मुखावाटे दिले. खुणेचा बराच मोठा भाग विष्ठेवाटे बाहेर पडला. ग्लिसिऱ्हायझिनचे आतड्यातील जिवाणू रूपांतर करतात आणि रक्तात ते मूळ स्वरूपात अत्यल्प पोहोचते. प्युनिकॅलॅजिनचेही आतड्यात युरोलिथिन या निराळ्या संयुगांत रूपांतर होते. तेव्हा काचपात्रात फुफ्फुसाच्या पेशीवर ओतलेले द्रव्य आणि रुग्णाने गिळलेला काढा यांत मोठे अंतर आहे. यावरून काढा निरुपयोगी ठरत नाही. त्याची क्रिया ज्वर, अग्नी, कफ आणि व्याधिक्षमत्व यांच्या द्वारे होत असेल. पण मग तो दावाही त्याच भाषेत करावा, ‘विषाणूनाशक’ या शब्दात नव्हे.

व्यवहारात काय करावे?

किरणोत्सारी द्रव्ये हाताळण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी आणि योग्य आडोसा लागतो. फॉस्फरस-३२ च्या प्रखर बीटा किरणांसाठी शिशाऐवजी प्रथम ॲक्रिलिकचा आडोसा वापरतात, कारण शिशावर आदळून क्ष-किरण निर्माण होतात. हे काम कोणत्याही फार्मसीच्या आवारात करण्याचे नाही. आता चमकदार रंजके आणि पीसीआर यांमुळे समस्थानिकांची गरजही पुष्कळ कमी झाली आहे. आपण घ्यायची आहे ती त्या प्रयोगांची प्रश्न विचारण्याची रीत. एखादी फार्मसी आपले उत्पादन बाहेरील प्रयोगशाळेकडे परीक्षणासाठी पाठविणार असेल, तर तिने केवळ ‘अँटिव्हायरल टेस्ट’ असे न लिहिता स्पष्ट विचारावे : द्रव्य विषाणूसोबत आधी मिसळले तर काय होते? पेशीला आधी दिले तर? शीत तापमानात चिकटण्याच्या वेळी दिले तर? प्रवेशानंतर दिले तर? पेशींवरील विषारी मात्रा कोणती? तुलनेसाठी औषधरहित मिश्रण होते काय? या उत्तरांचा कागद हाती नसेल तर वेष्टनावर ‘व्हायरसवर गुणकारी’ हे शब्द छापू नयेत. फसव्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे, हे तर आहेच. पण कायद्याच्याही आधी आपली सचोटी येते.

वैद्यवर्गाच्या दृष्टीने पायऱ्यांचे हे ज्ञान काळाचे महत्त्व शिकविते. विषाणूची वाढ आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते. म्हणूनच ओसेल्टामिवीरसारखी औषधे लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिल्यास अधिक उपयोगी ठरतात. गर्भिणी, वृद्ध, बालके, मधुमेह, श्वास किंवा हृद्रोग असलेले रुग्ण आल्यास हे तास वाया जाऊ देऊ नयेत. श्वासकृच्छ्रता, ओठांवर निळसरपणा, तंद्रा, किंवा ज्वर उतरून पुन्हा चढणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयात पाठवावे. कोंबड्यांच्या शेडमध्ये काम करणारा ज्वरित रुग्ण आल्यास आणि तेथे पक्षी मरत असल्यास आरोग्य व पशुसंवर्धन या दोन्ही खात्यांना त्वरित कळवावे. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत दिल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या रुग्णाला ‘सर्दीचा काढा’ देताना हे ध्यानात ठेवावे.

प्रत्येक ज्वररुग्णाचा पहिल्या लक्षणाचा दिवस, औषध सुरू केल्याचा दिवस, मात्रा, अनुपान आणि ज्वर उतरल्याचा दिवस एवढ्या पाच गोष्टी जरी बारामती आणि इंदापूरच्या वैद्यांनी एकाच नमुन्याच्या वहीत नोंदविल्या, तरी दोन ऋतूंत मोलाची सामग्री जमा होईल. त्यासाठी अणुभट्टी लागत नाही. मग ‘हे औषध व्हायरस मारते ना?’ या प्रश्नाला वैद्याला असे उत्तर देता येईल : ‘ते मला सांगता येणार नाही, पण दुसऱ्या दिवशी आलेल्या इतक्या रुग्णांना या औषधाने किती दिवसांत उतार पडला, हे माझ्या वहीत लिहिलेले आहे.’ असे उत्तर ऐकलेला रुग्ण पुढच्या ज्वरात पाचव्या दिवसाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी येईल.